वाट्याला येणारी अठरा मिनिटे

एखाद्या जिल्हा रुग्णालयातला पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड घ्या. खाटा तीस, पावसाळ्यात रुग्ण चाळीस. वरचे दहा जण खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकून जमिनीवर. रात्री आठ ते सकाळी आठ एक सिस्टर, सोबत एक मावशी, तीही दोन वॉर्डांत मिळून. बारा तासांची मिनिटे होतात ७२०. चाळीस जणांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला १८ येतात. तेवढ्यात त्याचे रात्रीचे आणि पहाटेचे इंजेक्शन द्यायचे, सलाइन बदलायचे, ताप-नाडी-बीपी चार्टवर चढवायचे, लघवीची पिशवी मोजून रिकामी करायची, सकाळच्या तपासणीसाठी रक्त काढून बाटलीवर नाव घालायचे, त्याच्या भावाला ‘डॉक्टर कधी येणार’ याचे उत्तर द्यायचे आणि हे सगळे केल्याचे लिहून ठेवायचे. अडीच वाजता नवी ॲडमिशन आली की वाटणी पुन्हा करायची. कोणी दगावले तर पुढचा तास त्याचा, आणि तो उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या वाट्यातून जातो. जेवण, चहा आणि बाथरूम या हिशोबात धरलेले नाहीत.

आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. पण सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या एका परिसेविका बाईंना हा हिशोब दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “चाळीसच? बरी नाइट आहे की!”

परिचारिकांचा ताण आणि त्यावर माइंडफुलनेसचा म्हणजे सजगतेचा उपयोग, असा या पुस्तकाचा विषय आहे. अशा पुस्तकाची प्रस्तावना श्वासापासून सुरू व्हायला हवी, अशी अपेक्षा असते. मी मुद्दाम हिशोबापासून सुरू केली. श्वासावर लक्ष आणायला सांगण्याआधी त्या लक्षाचे दिवसभरात काय काय होते, हे माहीत असलेले बरे.

कारण लक्ष हेच परिचारिकेचे मुख्य हत्यार आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’ लिहिले, त्यात निरीक्षणावर एक अख्खे प्रकरण आहे. रुग्णाचा चेहरा कालच्यापेक्षा आज कसा आहे, त्याने खाल्ले की ताट तसेच परत गेले, रात्री झोपला की डोळे मिटून पडला होता, हे ज्याला दिसत नाही त्याने हे काम करू नये, असा तिचा रोख आहे. जाणत्या सिस्टर आजही तेच करतात. मॉनिटर ओरडायच्या आधी त्या बोलून जातात, “बारा नंबर मला बरा वाटत नाहीये, सरांना बोलवा.” सर येतात, बीपी घेतात, नॉर्मल निघते, तासाभराने तोच पेशंट आयसीयूत जातो. यात दैवी काही नाही. तिने बारा नंबरकडे दिवसभरात दहा वेळा पाहिले होते आणि अकराव्या वेळी तिला फरक दिसला. तिच्या वाट्याला दहा वेळा पाहता येईल इतकेच रुग्ण होते, एवढेच त्यामागचे रहस्य.

ते तेवढेच असते, हे मोजूनही झाले आहे. अमेरिकेत लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली निष्कर्ष छापले. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो आणि खुद्द परिचारिका कामाने पार पिचून जाण्याचा संभव २३ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच कायदा केला होता, २००४ पासून तो अमलात आला. तिथे साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असलीच पाहिजे. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक आहे: शिक्षण-रुग्णालयात तिघांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक. कागदावर आपण कॅलिफोर्नियाच्या मागे नाही. तिथे कायदा मोडला तर रुग्णालयाला जाब द्यावा लागतो, इथे दंडक मोडला तर सिस्टरला डबल ड्यूटी लागते.

मग दोष कुणाचा, हे ठरवायला पुस्तक लागत नाही. मोर्चे निघालेले आहेत, २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. पुस्तक लागते ते पुढच्या प्रश्नासाठी. पदे भरली जाईपर्यंत, आणि भरल्यानंतरही, हे काम माणसाच्या मनाचे काय करते?

या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत टोकदार उत्तर जुने आहे. १९५०च्या दशकाच्या शेवटी लंडनमधल्या एका शिक्षण-रुग्णालयाने इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंना सल्ल्यासाठी बोलावले. शिकाऊ परिचारिकांपैकी जवळपास एक तृतीयांश मुली प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. बाईंनी महिनोन्‌महिने वॉर्ड पाहिले आणि १९६० मध्ये जे मांडले त्याने बऱ्याच मेट्रन दुखावल्या असणार. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: उघडी शरीरे, वेदना, घाण, मृत्यू यांच्या इतक्या जवळ राहिल्याने मनात जी भीती आणि कालवाकालव उठते, ती उठूच नये अशा बेताने रुग्णालयाने आपले सगळे रीतीरिवाज बसवलेले असतात. एका मुलीला एक रुग्ण द्यायचा नाही, तीस जणांचे एक काम द्यायचे: ही बीपी घेईल, ती बेडपॅन देईल. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या नंबराने आणि बिघडलेल्या अवयवाने ओळखायचे. वॉर्ड अधूनमधून बदलत राहायचे, म्हणजे जीव जडायला नको. प्रत्येक छोट्या निर्णयावर दोन-दोन तपासण्या ठेवायच्या, म्हणजे कुणा एकीच्या डोक्यावर ओझे नको. बचावासाठी बांधलेल्या या तटबंदीमुळे भीती कमी होत नाही, काम करण्यातले समाधान मात्र जाते. आणि ज्या मुलींना रुग्णाशी माणसासारखे वागायचे असते, नेमक्या त्याच सोडून जातात.

आपल्या वॉर्डातली सकाळची ओव्हर, म्हणजे ड्यूटी सोपवतानाचे बोलणे, ऐकून पाहा. “सात नंबर सिरॉसिस, रात्रभर बडबडत होता, हात बांधलेत. नऊ नंबर डिस्चार्ज, कार्ड तयार आहे. अकरा एक्स्पायर, चार वाजता, नातेवाईक बॉडी घेऊन गेले. तेराची व्हेन मिळत नाहीये.” ओव्हर देणारी थकलेली आहे, घेणारीला साडेआठच्या राउंडची घाई आहे, आणि अकरा नंबरच्या माणसाने चार वाजायच्या आधी तिचा हात धरून काही सांगितले होते, हे सांगायला रजिस्टरमध्ये रकाना नाही. ते ती घरी घेऊन जाते. दार उघडल्यावर सासूबाई विचारतात, “आज उशीर?” तिथेही रकाना नसतो.

असे वर्षानुवर्षे झाले की माणूस जसा होतो त्याचे मोजमाप क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये तयार केले. त्यात तीन गोष्टी पाहतात: मनाचा पूर्ण थकवा, समोरच्याविषयी आलेला कोरडेपणा, आणि आपण करतो त्याला काही अर्थ नाही ही भावना. आपण नर्सवर बहुतेक वेळा रागावतो ते दुसऱ्या गोष्टीसाठी. “सिस्टर फार तोडून बोलतात.” बोलतात. पण ती तोडून बोलते तेव्हा बऱ्याचदा पहिली गोष्ट होऊन गेलेली असते आणि तिसरी दाराशी उभी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हे सगळे आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात घेताना एक विवेक पाळला: त्याला आजार म्हटले नाही, कामाच्या जागेतून येणारी अवस्था म्हटले. म्हणजे दुखणे बाईचे नाही, ड्यूटीचे आहे. गोळी कुणाला द्यायची, हे त्यावरून ठरायला हवे.

आता माइंडफुलनेस. मराठी वाचकाला ते परके वाटायचे कारण नाही. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र आहे आणि दहा दिवस मौन पाळून आलेला निदान एक नातेवाईक आपल्यापैकी पुष्कळांना आहे. पण रुग्णालयांत जे शिकवले जाते ते निराळ्या वाटेने आले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये एक वर्ग सुरू केला. कबाट-झिन मूळचे रेणुजीवशास्त्रज्ञ, झेन आणि योगाचा सराव असलेले. डॉक्टरांनी ज्यांच्यापुढे हात टेकले होते, अशा जुनाट दुखण्याच्या रुग्णांना त्यांनी जवळ केले. धर्म, गुरू, कर्मकांड बाजूला ठेवून आठ आठवड्यांचा क्रम आखला: आठवड्यातून एकदा अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक दिवसभराचे सत्र आणि घरी रोज पाऊण तास सराव. दुखणे जावे म्हणून धडपडायचे नाही. ते कुठे आहे, कसे आहे, कसे बदलते, हे पाहत राहायचे.

ध्यानात घ्या, ते रुग्णांसाठी होते. पुढे तेच कर्मचाऱ्यांना शिकवायला घेतले तेव्हा पाऊण तासाचा प्रश्न आला. बदलापूरहून परळला येणारी सिस्टर पहाटे पाचला डबा भरते, सायंकाळी लोकलमध्ये उभ्याने झोपते, घरी जाऊन कुकर लावते. तिला रोज पाऊण तास बसायला सांगणाऱ्याने आधी तिच्या घरचा कुकर लावून द्यावा. वर्ग छोटे झाले, चार आठवड्यांचे झाले, मग मोबाइलवर आले. परिचारिकांवर झालेल्या अशा बऱ्याच छोट्या अभ्यासांत ताण कमी झाल्याचे, झोप सुधारल्याचे दिसते. पण त्यांत भाग घेणाऱ्या बहुतेक स्वतःहून आलेल्या असतात, संख्या थोडी असते आणि सहा महिन्यांनी काय उरले हे फार कमी ठिकाणी पाहिलेले असते. ब्रिटनमध्ये विल्यम फ्लेमिंग यांनी २३३ संस्थांमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची उत्तरे तपासून २०२४ मध्ये लिहिले, की माइंडफुलनेस, ॲप, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग घेतलेले आणि न घेतलेले कर्मचारी यांच्या बरे असण्यात फरक दिसत नाही. ती पाहणी एकाच वेळी केलेली होती, म्हणून शेवटचा शब्द नव्हे. पण रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला चार ओळींचे पत्र पाठवायचे झाले तर मी हाच अभ्यास जोडीन.

कारण सजगतेचा गैरवापर मी पाहिला आहे. एका मोठ्या खासगी रुग्णालयात परिचारिका दिनाला, १२ मे रोजी, सभागृहात ताणमुक्तीचे व्याख्यान होते. उपस्थिती सक्तीची. नाइट करून आलेल्या मुली पहिल्या दोन रांगांत बसवल्या होत्या, कारण मॉर्निंगवाल्यांना वॉर्ड सोडता येत नव्हता. वक्ते म्हणाले, डोळे मिटा. मुलींनी मिटले आणि निम्म्या झोपल्या. वक्त्यांना वाटले, ध्यान लागले. त्या दिवशी सभागृहात सर्वांत आरोग्यदायी असे घडले ते तेवढेच, असे मी आजही म्हणेन. पण बाहेर पडताना एचआरच्या बाईंनी सर्वांकडून सही घेतली: ‘ताण-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण मिळाले.’ उद्या यांच्यातल्या एकीने ताणाची तक्रार केली तर ती सही फाइलमध्ये आहे.

असे असूनही मी ही प्रस्तावना लिहायला हो म्हटले, कारण या पुस्तकाच्या लेखिका वॉर्डातल्या आहेत आणि सभागृहात बसवत नाहीत. त्यांचा पहिलाच सराव पाहा. प्रत्येक खाटेपाशी गेल्यावर आणि निघताना हाताला रब लावायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे त्याला वीस ते तीस सेकंद लागतात: तळवे, मग हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके. बहुतेकजणी दोन सेकंदांत उरकतात. लेखिका म्हणतात, ते तीस सेकंद पूर्ण घ्या आणि तेवढा वेळ फक्त हाताकडे पाहा. रबचा गारवा, तो वाळताना कातडीला पडणारा ताण, घडीत साचलेला थेंब. मागची खाट तिथे सोडा, मग पुढची घ्या. वेगळा वेळ लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, कुणी नावे ठेवत नाही. उलट इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर खूश होते. आणि सात नंबरवर आलेला राग आठ नंबरच्या शिरेत सुईबरोबर जात नाही.

दुसरा सराव मृत्यूनंतरचा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स या आपत्कालीन विभागातल्या परिचारकाने तो रुजवला. रुग्णाला वाचवायचे प्रयत्न थांबले की लगेच पांगायचे नाही. खाटेभोवती जे कोणी आहेत, डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मावशी, त्यांनी मिनिटभर गप्प उभे राहायचे. हा माणूस कुणाचा तरी होता, आपण आपल्याकडून केले, एवढे एकाने म्हणायचे. कुठली प्रार्थना नाही. आपल्याकडे सीपीआर थांबला की पुढच्या क्षणी कोणीतरी “बॉडी पॅक करा” म्हणते आणि ट्रॉलीचा आवाज येतो. ते मिनिट मेन्झीसबाईंच्या तटबंदीला पाडलेली खिंड आहे. मृत्यू पाहिला, असे तिथे सगळ्यांदेखत मान्य होते आणि एकटीला घरी न्यावे लागत नाही.

एक विषय पुस्तकात थोडक्यात आला आहे. तो मला इथे लांबवावासा वाटतो. तो सुरक्षिततेचा. परळच्या केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. पुढची साडेएकेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ पर्यंत, ती त्याच रुग्णालयात होती आणि तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालपत्रात तिला एकही बेडसोअर झाला नसल्याची नोंद आहे. बेडसोअर न होणे म्हणजे काय हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल: दर दोन तासांनी कूस, पाठीला पावडर, चादरीची सुरकुती काढणे, दिवसरात्र, सणवार, संप, पाऊस, सगळे धरून. आपण ही कथा सेवेची गाथा म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण ती सुरू कुठे होते? तळघरात. एक परिचारिका ड्यूटी संपवून कपडे बदलायला तिथे एकटी गेली होती. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या, त्या सुरक्षिततेसाठी. हल्लेखोराला जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात एक निवासी डॉक्टर लांबलचक ड्यूटीत थोडी पाठ टेकायला गेली ती सेमिनार हॉलमध्ये, आणि तिथे तिचा मृतदेह सापडला. जवळपास एक्कावन्न वर्षांनी! सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले. कपडे बदलायला आणि पाठ टेकायला कडी लागणारी एक खोली, एवढ्या साध्या गोष्टीपाशी दोन्ही प्रसंग येऊन थांबतात. कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यावरचा कोणताही कार्यक्रम या खोलीपासून सुरू होत नसेल तर तो मला पटत नाही.

आणि चुकीची भीती. मध्यरात्रीनंतर एकटीवर चाळीस रुग्ण असताना पोटॅशियमची बाटली आणि सलाइनची बाटली यांत गल्लत होण्याची भीती प्रत्येकीच्या पोटात असते. ॲल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी २००० मध्ये लिहिले, की वैद्यकीय चुकीत पहिला बळी रुग्णाचा जातो आणि दुसरा ज्याच्या हातून ती झाली त्याचा. आपल्याकडे हा दुसरा बळी बऱ्याचदा पोलीस ठाण्यात सापडतो. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ जण गेले. नगरच्या प्रकरणात अटक झालेल्यांत एक डॉक्टर आणि तीन परिचारिका होत्या. जबाबदारी तपासली जाऊ नये असे कोण म्हणेल? पण वायरिंग बसवणारा, त्यावर सही करणारा आणि अग्निशमनाची फाइल पुढे न सरकवणारा हे त्या वेळी ड्यूटीवर नसतात. सिस्टर असते. त्याआधी सुमारे दीड वर्ष, २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी, आपण गॅलरीत उभे राहून हिच्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या. अशा प्रसंगांनंतर ड्यूटीवर गेलेल्या मुलीला ‘वर्तमानात राहा’ सांगणे सोपे आहे. तिचे वर्तमान काय आहे, ते आधी विचारा.

लेखिकांशी माझा एक मतभेद आहे, तोही नोंदवतो. त्यांनी ‘क्षमाशीलता’ या प्रकरणात नातेवाइकांच्या शिवीगाळीकडे करुणेने पाहायला सांगितले आहे. मनात करुणा जरूर असावी. पण महाराष्ट्रात २०१० पासून आरोग्यसेवेतल्या माणसांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे, आणि कॉलर धरणाऱ्याची तक्रार नोंदवून मग करुणा करता येते. क्रम उलटा झाला की करुणा मुकाट्याने सोसण्याचेच दुसरे नाव होते, आणि मुकाट्याने सोसणे आपल्या बायकांना शिकवावे लागत नाही.

पुस्तक एका बैठकीत वाचू नये. नाइट लागलेल्यांनी झोपेचे प्रकरण आधी घ्यावे. खिडकीला काळे कापड, फोन दुसऱ्या खोलीत आणि घरच्यांना दुपारी बारापर्यंत कुणालाही उठवू न देण्याची तंबी, इतके ते रोकडे आहे. नुकत्याच लागलेल्या मुलींनी ओव्हरचे प्रकरण वाचावे. अधिसेविकांनी आणि परिसेविकांनी मात्र मागून सुरुवात करावी, ड्यूटी लिस्टच्या प्रकरणापासून: नाइटनंतर लगेच इव्हनिंग का लावू नये, सलग किती नाइट लावाव्यात, औषधे भरणाऱ्या सिस्टरला त्या वीस मिनिटांत कोणी हाक मारू नये ही व्यवस्था कशी बसवावी. प्रत ग्रंथालयाच्या कपाटात कुलपात राहिली तर ती इंडेंट करूनच मिळेल, म्हणून ड्यूटी-रूममध्ये ठेवावी. ड्यूटी-रूम नसेल तर तिच्या मागणीच्या अर्जाचा नमुना शेवटच्या पानावर आहे. त्यावर वॉर्डातल्या सगळ्यांनी सह्या कराव्यात, मावशींनीही.